944 टर्बो: बूस्ट 1 बारवर नेला तर इंजिन टिकेल का?

म्युनिकचा_पाहुणा
गाडी 1986 ची पोर्शे 944 टर्बो, 2.5 लिटर, 220 पीएस. 1,60,000 किमी झालेत, इंजिन कधी उघडलेलं नाही. डॅशबोर्डवरचा बूस्ट गेज पूर्ण दाबाला 1.75 दाखवतो; त्यात बाहेरच्या हवेचा 1 बारही धरलेला असतो, म्हणजे खरा बूस्ट (टर्बोने दिलेला जादा दाब) 0.75 बार. चिप (इंजिन कंप्युटरची बदललेली सेटिंग्ज) आणि नवा वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह) टाकून 1 बार करावा म्हणतोय. वापर रविवारचा, शिवाय वर्षाला दोन-तीन ट्रॅक डे. सुरुवात कुठून करू?

चार_पिस्टन
चिप सगळ्यात शेवटी. आधी लीकडाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते बघणं: चारही सिलिंडर 10 टक्क्यांच्या आत हवेत. ब्लॉक अ‍ॅल्युसिलचा (अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूचा) आहे, सिलिंडरला वेगळे लायनर नाहीत, त्यामुळे बोअरला ओरखडे असतील तर साधं होनिंग (घासून गुळगुळीत करणं) करून भागत नाही. जुनं हेड गॅस्केटही वयाने भुसभुशीत होतं, वाढीव बूस्टला पहिलं तेच जातं. नवं घालताना रुंद फायर रिंगचं (सिलिंडरभोवतीची धातूची कडी रुंद असलेलं) घाला.

मग रबराचे होज. एअर फ्लो मीटर (आत जाणारी हवा मोजणारा) टर्बोच्या आधी बसतो, हे ध्यानात ठेवा. मीटर आणि टर्बो यांच्यामधला होज चिरला तर न मोजलेली हवा आत जाते आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. टर्बोच्या पुढे इंटरकूलरचा (दाबलेली हवा थंड करणाऱ्याचा) क्लॅम्प ढिला असेल तर मोजलेली हवा बाहेर जाते, मिश्रण रिच होतं (पेट्रोल जास्त), काळा धूर येतो. दुसऱ्यात पेट्रोल वाया जातं, पहिल्यात पिस्टन.

सगळ्यात फसवा म्हणजे फ्युएल प्रेशर रेग्युलेटरचा बोटभर होज. आयडलला तो काढून रेलचं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचं) प्रेशर बघा, 2.5 बार हवं. 1 बार बूस्टला तेच 3.5 व्हायला हवं. होज चिरलेला असेल तर प्रेशर चढतच नाही, आणि गाडी नेमकी पूर्ण लोडवर लीन होते. आयडलला मात्र अगदी गुणी बाळ!

तेलकट
वरचं सगळं बरोबर, पण ट्रॅक म्हणालात म्हणून सांगतो: ही इंजिनं जातात ती बहुतेक दोन नंबरच्या रॉड बेअरिंगवरून (पिस्टनचा दांडा क्रँकशाफ्टला जोडतो तिथलं बेअरिंग). लांब, वेगाच्या वळणात तेल फेसाळतं आणि तिथे पुरेसं पोचत नाही. सब-फ्रेम उतरवून संप (इंजिनखालची तेलाची टाकी) काढता येतो, इंजिन बाहेर काढावं लागत नाही. चारही रॉडची बेअरिंग बदला, पिकअप ट्यूबला (तेल ओढणाऱ्या नळीला) तडा आहे का बघा, संपमध्ये बॅफल (तेल हिंदकळू न देणारा पडदा) घाला. तेल 15डब्ल्यू50 किंवा 20डब्ल्यू50, ट्रॅकवर लेव्हल वरच्या खुणेलाच. गरम इंजिनला 4,000 आरपीएमवर 4 बारच्या आसपास प्रेशर नसेल तर बूस्टचा विषयच काढू नका.

टर्बोसाठी एक फुकटची तपासणी. गाडी दामटून आणा, चावी बंद करा, बॉनेट उघडून ऐका. टर्बोला पाणी फिरवणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक पंपाची घरघर ऐकू यायला हवी. काहीच आवाज नसेल तर बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होतोय.

नॉकनॉक
चिपबद्दल. मूळचा केएलआर बॉक्स (नॉकवर लक्ष ठेवणारा कंप्युटर) नॉक, म्हणजे मिश्रण अवेळी पेटल्याचा ठोका, ऐकला की आधी ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, तरी नॉक थांबला नाही तर बूस्ट उतरवतो. काही चिपांमध्ये ओव्हरबूस्टची कात्री (दाब फार चढला की इंजिन आवरणारी सोय) काढून टाकलेली असते. तसली घेऊ नका. वाइडबँड (एक्झॉस्टमधला सेन्सर, हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) लावा: पूर्ण बूस्टला 11.5 ते 12 दिसलं पाहिजे, 12.5 च्या वर गेलं की पाय उचला. 98 ऑक्टेनच भरा. मूळ इंजेक्टर 1 बारच्या पुढे फार पुरत नाहीत, म्हणून तिथेच थांबा.

कागदांचंही बघा. जर्मनीत पॉवर वाढली की टीयूव्हीकडून (वाहन तपासणी संस्थेकडून) नोंद हवी, नाहीतर विम्याचा घोळ होतो.

म्युनिकचा_पाहुणा
आभार. टायमिंग बेल्ट चार वर्षांपूर्वीचा आहे. आत्ताच बदलू की बेअरिंगच्या वेळी?

तेलकट
आत्ता, आणि बॅलन्स शाफ्टचा बेल्टही. तो तुटला तर टायमिंग बेल्टमध्ये अडकतो, आणि या इंजिनात बेल्ट गेला की व्हॉल्व्ह वाकलेच. पुढचे ऑइल सील त्याच वेळी बदला, तेल गळलं की नवा बेल्टही खराब होतो. ताण थंड इंजिनवर टूल लावून मोजायचा, अंगठ्याने नाही. 3,000 किमीनंतर पुन्हा.