मदत हवी आहे : पायथनमध्ये दोन क्लासकडून वारसा घेतल्यावर ॲट्रिब्यूट-एरर, क्रम बदलताच नाहीसा

पायथन ३ मधील पुढील रचनेत नेमके काय घडते, ते जाणकारांनी कृपया समजावून सांगावे. ‘दस्तऐवज’ हा मूळ क्लास आहे, ‘मुद्रणयोग्य’ आणि ‘जतनयोग्य’ हे त्याचे उपक्लास आहेत आणि ‘अहवाल’ या दोघांकडून याच क्रमाने वारसा घेतो. फाइलचा पाथ ‘जतनयोग्य’च्या इनिटमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणाऱ्या मेथडमध्ये) ठरतो. ‘जतनयोग्य’ स्वतंत्रपणे वापरला तर तो व्यवस्थित चालतो. ‘अहवाल’चा ऑब्जेक्टही विनातक्रार तयार होतो, पण जतन करताना पाथ नावाचे ॲट्रिब्यूटच नाही, असा एरर येतो. ‘जतनयोग्य’मध्ये सुपर वापरले आहे, तर ‘मुद्रणयोग्य’ हा जुना क्लास ‘दस्तऐवज’चे इनिट थेट नावाने बोलावतो. ‘अहवाल’च्या व्याख्येत कंसात लिहिलेल्या पालक क्लासांचा क्रम उलटा केला की एरर येत नाही. ‘दस्तऐवज’ही कंसात सर्वांत आधी लिहून पाहिला, तेव्हा सुसंगत एमआरओ (मेथड ज्या क्रमाने क्लासांमध्ये शोधली जाते तो क्रम) बनवता येत नाही, असा टाइप-एरर आला. क्रम उलटाच ठेवावा का?

प्रतिसाद :

ठेवू नये, कारण दोष क्रमात नसून त्या थेट बोलावण्यात आहे. सुपर म्हणजे ‘माझा पालक’ नव्हे. ज्या क्लासचा ऑब्जेक्ट आहे, त्याच्या एमआरओमधील पुढचा क्लास. आपल्या पहिल्या रचनेत हा क्रम अहवाल, मुद्रणयोग्य, जतनयोग्य, दस्तऐवज आणि शेवटी ‘ऑब्जेक्ट’ हा पायथनचा सर्वांत मूळ क्लास असा आहे (एमआरओ छापून पाहता येईल), परंतु ‘मुद्रणयोग्य’ नाव घेऊन सरळ ‘दस्तऐवज’कडे उडी मारतो आणि मधल्या ‘जतनयोग्य’चे इनिट चालतच नाही. क्रम उलटल्यावर ‘जतनयोग्य’ आधी येतो, त्याचे सुपर ‘मुद्रणयोग्य’ला बोलावते आणि उडी मारताना वगळण्यासारखे मध्ये कोणी उरत नाही. उद्या तिसरा उपक्लास जोडलात, तर हाच घोळ पुन्हा होऊ शकेल.

टाइप-एररचे कारण वेगळे आहे. पायथन २.३ पासून (२००३) एमआरओ ठरवण्यासाठी वापरात असलेल्या सी३ पद्धतीत उपक्लास पालकाच्या आधी यावा लागतो आणि कंसातील क्रमही पाळला जावा लागतो; ‘दस्तऐवज’ आधी लिहिल्याने या दोन अटी एकमेकींविरुद्ध जातात.

तेव्हा ‘मुद्रणयोग्य’मध्येही सुपरच वापरावे. इनिटला आर्ग्युमेंट्स असतील, तर प्रत्येक क्लासने आपले कीवर्ड (नावाने दिलेले) आर्ग्युमेंट ठेवून घ्यावे आणि बाकीची सर्व, दोन तारांकनांच्या (**) साहाय्याने, पुढे पाठवावीत. ‘दस्तऐवज’नेही तसेच केल्यास, नाव चुकलेले एखादे आर्ग्युमेंट शेवटी ‘ऑब्जेक्ट’ क्लासपर्यंत पोहोचून टाइप-एरर देईल, आणि तो एरर स्वागतार्हच आहे.