१२ वर्षाच्या मुलाची कंबर दुखतेय, सासूबाई म्हणतात उसण भरली

जुळेसोलापूरची_आई:
नमस्कार, मुलगा १२ वर्षाचा आहे, सातवीत. तीन आठवडे झाले कंबर दुखते म्हणतोय, खाली डाव्या बाजूला, बोट ठेवून दाखवतो इथंच म्हणून. आधी वाटलं शाळा बुडवायला नाटक करतोय पण रविवारी पण दुखतंय आणि परवा क्रिकेटच्या क्लासवरनं वाकडा चालत आला. सासूबाई म्हणतात उसण भरलीय, गल्लीत एक पायाळू आहे त्याची लाथ मारून घ्या लगेच उतरंल, मी नको म्हटलं तर घरात तोंडं फुगलीत. दफ्तर काट्यावर ठेवलं तर ६ किलो भरलं, पोराचं वजन ३४. त्यामुळं असेल का? बाम चोळतेय, गरम पाण्याची पिशवी देतेय. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, परत तेच.

शेंगाचटणी_८८:
६ किलो?? ताई २०२० च्या दफ्तर धोरणात वजनाच्या १०% च्या आतच दफ्तर असावं असं आहे, म्हणजे तुमच्या पोराला साडेतीन किलोच्या आत. आमच्याकडं वेळापत्रक न बघता सगळी पुस्तकं कोंबायची सवय होती, ती मोडली आणि दोन्ही खांद्यांवर अडकवायला लावलं, फरक पडला. लाथबिथ अजिबात नको ओ.

फिजिओ_होटगीरोड:
दफ्तर कमी कराच पण मला शंका वेगळी आहे. मुलगा फास्ट बॉलिंग टाकतो का? उजव्या हातानं? वाकून बुटाची लेस बांधताना जास्त दुखतं का मागं झुकल्यावर? वाढत्या वयात रोज बॉलिंग टाकून कमरेच्या शेवटच्या मणक्याच्या मागच्या बारीक हाडाला तडा जातो, उजव्या हाताच्या बॉलरला बहुतेक वेळा डावीकडंच दुखतं. सुरुवातीला साध्या एक्सरेत दिसत नाही कधीकधी, एमआरआय लागतो. हाडाच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोपर्यंत बॉलिंग बंद. पूर्ण झोपवून ठेवू नका, चालू फिरू दे. गोळी द्यायचीच तर वजनाप्रमाणं पॅरासिटामॉल, डॉक्टरांना विचारून. मोठ्यांच्या डब्यातली नको, अ‍ॅस्पिरिन तर मुलांना नाहीच.
आणि रात्री दुखून जाग येणं, ताप, वजन उतरणं यातलं काही असेल तर या आठवड्यातच दाखवा. पायात मुंग्या, पाय लुळा पडणं, लघवी-शी कळत नाही असं झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

अक्कलकोटरोड_मावशी:
माझ्या भाचीची पण कंबरच दुखायची, आम्ही दोन महिने तेल चोळत बसलो. संध्याकाळी बारीक ताप यायचा, जेवण कमी झालं, आम्हाला वाटलं उन्हानं. मणक्याचा टीबी निघाला. गोळ्या सरकारीत फुकट मिळाल्या, वर्षभर घेतल्या, आता पोरगी ठणठणीत आहे. घाबरवायला सांगत नाही पण तीन आठवडे म्हणजे घरगुती उपाय बास झाले की.

जुळेसोलापूरची_आई:
फिजिओ तुम्हाला कसं कळलं ओ 😳 उजव्या हातानंच टाकतो, मागं झुकवून बघितलं तर आई गं म्हणून ओरडला. ताप वगैरे काही नाही, रात्री शांत झोपतो. क्लास सहा दिवस, वर घरी येऊन गल्लीत परत दोन तास बॉलिंग, हे मी मोजलंच नव्हतं कधी. उद्याच दाखवते.

जुळेसोलापूरची_आई (१२ दिवसांनी):
तेच निघालं. एक्सरेत काही नव्हतं, एमआरआयमध्ये दिसलं. तीन महिने खेळ बंद, मग पोटाचे-कमरेचे व्यायाम आणि परत दाखवून हळूहळू सुरू. सासूबाईंना फिल्म दाखवली, बराच वेळ उजेडाला धरून बघितली आणि म्हणाल्या बरं झालं लाथ नाही मारली. पोरगा मात्र रडून रडून बेजार, आता विचारतोय स्पिन टाकली तर चालेल का?

फिजिओ_होटगीरोड:
नाही 😄 स्कोअर लिहायला बसवा, खुर्चीवर.