मुलाला सांभाळणाऱ्या ताईंना कामावरून कमी करावे का?

प्रश्न

आमचा मुलगा १४ महिन्यांचा आहे. त्याला सांभाळायला येणाऱ्या ताई मायाळू आहेत, वेळेच्या पक्क्या आहेत आणि मुलाला त्यांचा चांगलाच लळा लागला आहे. मात्र गेल्या आठवड्यात मी नेहमीपेक्षा लवकर घरी पोहोचले, तेव्हा मुलगा न्हाणीघरात एकटाच होता. अर्ध्या भरलेल्या बादलीचा काठ धरून तो आत वाकला होता आणि ताई बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होत्या. विचारल्यावर म्हणाल्या, "दोनच मिनिटं झाली असतील, माझं लक्ष होतं." त्याआधी एकदा त्याच्या कपाळावर टेंगूळ दिसले होते, तो पलंगावरून पडला, हे त्यांनी मी खोदून खोदून विचारल्यावरच सांगितले. चूक कोणाकडूनही होते, समज देऊन विषय संपवावा, असे माझ्या पतींचे म्हणणे आहे. मला मात्र कामात असतानाही ती बादलीच दिसत राहते. एखाद्याची नोकरी जावी इतके हे गंभीर आहे का?

उत्तर १

होय, गंभीर आहे. या वयात मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे बादलीत वाकताना तोल गेला की स्वतःला बाहेर काढणे त्याला जमत नाही. बुडायला चार-पाच सेंटिमीटर पाणीही पुरते आणि बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, म्हणून शेजारच्या खोलीत काही ऐकू येईल या भरवशावर राहता येत नाही. पाण्याजवळ लक्ष ठेवणे म्हणजे हात पोहोचेल इतक्या अंतरावर असणे. तुमचा निर्णय होईपर्यंत मुलाला त्यांच्यापाशी एकटे ठेवू नका, ही कळकळीची विनंती.

उत्तर २

मला बादलीपेक्षा टेंगळाची गोष्ट अधिक खटकते. पाण्याचा धोका पुष्कळ जाणत्या माणसांनाही ठाऊक नसतो आणि तो समजावून सांगता येतो. डोक्याला मार लागल्यावर मात्र उलट्या होणे, मूल गळून जाणे किंवा वेळ नसताना झोपाळणे या गोष्टींवर पुढचे काही तास नजर ठेवावी लागते, आणि पडल्याचेच कळले नाही तर आईवडील काय पाहणार आणि डॉक्टरांना काय सांगणार? ताईंनी ते भीतीपोटी लपवले असेल, कारण नोकरी जाण्याची धास्ती खरी असते. म्हणून एकदा न रागावता बोलून पाहा, आणि चूक मान्य करतात की तिचे समर्थन करतात, एवढेच ऐका.

प्रश्नकर्तीचे उत्तर

काल बोलले. टेंगळाच्या वेळीच मी स्पष्ट सांगितले होते की काहीही घडले तरी आधी मला फोन करावा, आणि न्हाणीघराचे दार बंद ठेवण्याची सूचना तर पहिल्या दिवसापासून आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "माझी मुलं अशीच वाढली, त्यांना काही झालं नाही." हे ऐकून पतींचेही मत बदलले आहे. आता चिंता एवढीच की त्या दिसल्या नाहीत तर मुलगा रडून हैराण होईल.

उत्तर ३

तो रडेलच, ओळखीच्या माणसापासून दूर होताना रडण्याचे हेच वय आहे, आणि नव्या माणसाशी जुळवून घ्यायला त्याला काही आठवडे लागू शकतात. त्यासाठी धोका मात्र पत्करू नका. ताईंचा हिशेब पूर्ण चुकता करा, कामावरून कमी करण्याचे कारण आडवळणाने न सांगता खरे सांगा आणि मुलाचा निरोप घेऊ द्या, कारण त्यांनी जीव लावला हेही खोटे नाही. पुढे कोणी त्यांच्याविषयी चौकशी केली तर माया आणि निष्काळजीपणा दोन्ही सांगा. त्या घरातही लहान मूलच असणार. नव्या बाईंना सुरुवातीचे काही दिवस तुम्ही घरी असतानाच काम करू द्या आणि मुलाखतीत अनुभव किती वर्षांचा एवढेच न विचारता, "मूल पलंगावरून पडले तर आधी काय कराल आणि मला केव्हा सांगाल?" हेही विचारा.