मदत हवी आहे: जामिनासाठी जास्तीचे पैसे मागतायत, भरायचे का? (तातडीचं)

निफाडकर
भावाला परवा रात्री पकडलंय. आज फोन आला की जामीन झालाय, पण मशीनचे १४५० दोन तासांत भरा, नाहीतर सोमवारपर्यंत आतच. वहिनी रडतेय. भरायचे का? फालतू चर्चा नको, हो की नाही एवढंच सांगा.

मंदाताई
कसलं मशीन? कुठलं पोलीस ठाणं? १४५० रुपयांसाठी कोण अडवून ठेवतं?

रंकाळा_काठचा
अजिबात भरू नका!! ही डिजिटल अटक आहे. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये सांगितलंय की असला प्रकार कायद्यातच नाही. आमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी दोन दिवस मोबाइलसमोर बसून होते, जेवलेसुद्धा नाहीत.

निफाडकर
डिजिटल नाही हो, खरीखुरी अटक आहे. अमेरिकेत. डॉलर म्हणतोय मी. मशीन म्हणजे पायाला बांधतात ते.

जर्सीकर
मग सरळ थाप आहे. इथे न्यू जर्सीत पैसे भरून जामीन हा प्रकार जवळजवळ संपलाय. २०१७ पासून जज धोका किती ते बघून सोडतो.

तात्या_डॅलस
जर्सी म्हणजे अख्खी अमेरिका नव्हे. तुमच्याकडे संपला असेल, इलिनॉयनेही २०२३ मध्ये बंद केला. आमच्या टेक्ससमध्ये तुरुंगासमोर बेल बॉन्डची, म्हणजे फी घेऊन जामिनाची हमी देणारी दुकानं रांगेने आहेत. निफाडकर, राज्य कुठलं? बॉन्ड कुणी भरला? फोन कुणाचा होता? पैसे कसे पाठवायला सांगितले?

निफाडकर
टेक्ससच. जामीन ५००० चा, वहिनीने काल बॉन्डवाल्याला ५०० दिले. फोन शेरीफ ऑफिसचा, म्हणजे तिथल्या पोलिसांचा, नंबरही त्यांचाच दिसला. भावाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, कलम, सगळं सांगितलं त्याने. म्हणून तर खरं वाटतंय. झेलवर मागतोय, ते बँकेतून लगेच पैसे पाठवायचं ॲप.

तात्या_डॅलस
झेल म्हणाला तिथेच विषय संपला. नावच झेल, टाकला की गेला. कुठलंही शेरीफ ऑफिस फोन करून झेल, गिफ्ट कार्ड नाहीतर बिटकॉइन मागत नाही. आणि सगळं माहीत होतं यात नवल नाही. अटक झाली की बऱ्याच काउंटी (म्हणजे इथले जिल्हे) नाव, कलम, जामिनाची रक्कम, काही ठिकाणी फोटोसकट वेबसाइटवर टाकतात. ही मंडळी रोज तीच यादी वाचत बसतात. घरच्यांचे नंबर पैसे देऊन शोधता येतात, आणि स्क्रीनवर शेरीफचा नंबर उमटवणं तर पोरखेळ आहे.
वहिनींना सांगा, आलेल्या नंबरवर उलटा फोन करायचा नाही. काउंटीच्या वेबसाइटवरून तुरुंगाचा नंबर स्वतः शोधा. ज्या बॉन्डवाल्याला ५०० दिले त्यालाही विचारा, पायात पट्टा घालायची अट कोर्टाने घातली आहे का. ते ५०० मात्र परत येत नाहीत, ती त्याची फी.

जर्सीकर
म्हणजे ५०० बुडालेच की! पूर्ण ५००० काउंटीत भरले असते तर केस संपल्यावर परत मिळाले असते.

तात्या_डॅलस
शनिवारी रात्री ५००० रोख तुम्ही नेऊन देणार होतात का?

ओहायोची_आत्या
भाऊ एच-१बी वर आहे का? दारू पिऊन गाडी चालवल्याची अटक झाली तर व्हिसाचा शिक्का रद्द होऊ शकतो, मग भारतात आल्यावर नवा घ्यावा लागतो. इमिग्रेशनचा वकील आत्ताच गाठा.

निफाडकर
आत्या, दारूचं मी कुठे बोललो?

ओहायोची_आत्या
बरं बाबा. मग तुरुंगातून त्याचा फोन आला तर केसबद्दल अवाक्षर काढू नका. ते फोन रेकॉर्ड होतात. मराठीत बोललात तरी.

मंदाताई
पण तात्या, खरंच पट्टा लावला तर त्याचे पैसे लागतात का?

तात्या_डॅलस
काही ठिकाणी लागतात, म्हणून तर लोक फसतात. पण ते कोर्टाच्या कागदावर लिहिलेलं असतं आणि रीतसर पावती मिळते.

निफाडकर
तुरुंगात फोन केला. पट्टा वगैरे काही नाही, दोन-तीन तासांत सोडतील म्हणाले. तात्या, पाया पडतो. पण वहिनी आत्ता सांगतेय की मी इथे लिहायच्या आधीच तिने ३०० पाठवले होते, "बाकीचे देते" म्हणून. परत मिळतील का?

तात्या_डॅलस
आत्ताच्या आत्ता बँकेला फोन. मग एफटीसीच्या (ग्राहकांच्या तक्रारी घेणारं इथलं सरकारी खातं) वेबसाइटवर तक्रार. आशा कमी आहे, पण उशीर केलात तर तीही नाही. बाकीचे मागायला तो आज पुन्हा फोन करणार, वहिनींना उचलू देऊ नका.

रंकाळा_काठचा
१९३० ला पण सांगून ठेवा. पैसे गोठवतात ते.

तात्या_डॅलस
अहो, खातं अमेरिकेतल्या बँकेचं आहे!