पॉवरशेलने खाती झाली, पण सगळी बंद!

लॅबवाला, रत्नागिरी:
मंडळी, कॉलेजची लॅब मी एकटाच बघतो. 180 मुलांची खाती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोज सर्व्हरवर सगळ्यांची लॉगिन खाती जिथे असतात ती) हाताने कोण करणार, म्हणून एक्सेलमधून सीएसव्ही (साध्या मजकुरातली यादी) काढून पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजला कमांड लिहून कामं सांगतात तिथे, खाती बनवणारी न्यू-एडीयूजर ही कमांड चालवली. खाती झाली, पण बंद. चार-पाच तर झालीच नाहीत. बाहेर पाऊस धो धो, यूपीएस बोंबलतोय. काय चुकलं?

हापूस_देवगड:
पासवर्ड काय ठेवलास?

लॅबवाला:
इंग्रजी छोट्या अक्षरांत आंबा, पुढे 123. सगळ्यांना तोच.

हापूस_देवगड:
अरे देवा! मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, चिन्हं यांतले निदान तीन प्रकार लागतात, तुझे दोनच. पासवर्ड नापास झाला की खातं बनतं, पण बंद राहतं. शिवाय कमांडमध्ये 'एनेबल्ड' ट्रू, म्हणजे 'खातं चालू ठेव', दिलंयस ना? आणि पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलायला लाव.

मालवणी_माणूस:
न झालेल्यांची नावं बघ. सॅम-अकाउंट-नेमला, म्हणजे लॉगिनच्या नावाला, 20 अक्षरांची मर्यादा आहे. ज्ञानेश्वर डॉट संगमेश्वरकर इंग्रजीत 27 होतात. आपली गावावरून आलेली आडनावं, दुसरं काय! मी आद्याक्षर आणि हजेरी क्रमांक वापरतो.

लॅबवाला:
पाचही 'कर'च निघाले! आधी दोघांवर करून बघतो, मग बाकीचे.