छोट्या क्लबमध्ये गाण्याचे शब्द का हरवतात?

मध्यसप्तक (प्रश्न):
पुण्यातील लहान क्लबमध्ये स्वतःची गाणी सादर करणारे स्थानिक इंडी रॉक बँड मी आवर्जून ऐकतो. मात्र ज्या गाण्यांचे शब्द ध्वनिमुद्रणात स्वच्छ कळतात, तीच गाणी प्रत्यक्ष ऐकताना गायकाचा सूर तेवढा पोहोचतो आणि शब्द ड्रम-गिटारच्या गदारोळात बुडून जातात. एनएच७ वीकेंडरसारख्या मैदानावरील महोत्सवात, कितीतरी दूर उभे राहूनही, ही अडचण मला इतकी जाणवली नव्हती. यात जागेचा भाग किती, बँडचा किती आणि साउंड इंजिनियरचा किती? श्रोत्याने नेमके कुठे उभे राहावे?

फेडर:
मैदानावर श्रोत्यापर्यंत जे पोहोचते ते जवळजवळ सगळे माइक, मिक्सर आणि स्पीकर या मार्गाने येते, त्यामुळे कोणाचा आवाज किती ठेवायचा हे इंजिनियरच्या हातात असते. क्लबमध्ये तसे होत नाही. तिथे स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) आणि झांजा माइकशिवायच साऱ्या खोलीभर ऐकू येतात, आणि मिक्सरवर ड्रमचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) शून्यावर आणला तरी ड्रम काही कमी होत नाही. म्हणजे खोलीतल्या आवाजाची पातळी ड्रमर ठरवतो आणि बाकीच्यांना त्याच्या वर यावे लागते. गायकाला मात्र हवे तितके वर नेता येत नाही, कारण छत बुटके असते, स्पीकर आणि मॉनिटर (कलाकारांना स्वतःचे ऐकू यावे म्हणून मंचावर ठेवलेले स्पीकर) माइकपासून हाताच्या अंतरावर असतात आणि थोडी मर्यादा ओलांडली की स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून फीडबॅकची शिट्टी सुरू होते. अधिक वॅटचा अँप (आवाज वाढवणारे यंत्र) आणून हा प्रश्न सुटत नाही. वॅट दुप्पट केले तरी पातळी जेमतेम ३ डेसिबलने वाढते.

शब्द कळतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे. स, च, ट यांची धार साधारण २ ते ५ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात असते आणि डिस्टॉर्शन लावलेली (मुद्दाम खरखरीत केलेली) गिटार व झांजा नेमक्या त्याच पट्ट्यात गर्दी करतात. शिवाय गिटारवादकाचा अँप जमिनीवर, त्याच्या पोटऱ्यांकडे तोंड करून ठेवलेला असतो. त्याला स्वतःला तो मंद वाटतो म्हणून तो वाढवत जातो, आणि समोरच्या दोन रांगा बिचाऱ्या निमूटपणे तो मारा सोसतात. अँप खुर्चीवर ठेवून वादकाच्या कानाकडे तिरपा केला, तर अनेकदा निम्मे काम होते.

उलटा_ठेका:
वरील विवेचन मान्य असले तरी सगळा भार ड्रमरवर टाकणे मला पटत नाही. रॉकमधला स्नेअर हळू वाजवला की केवळ लहान होत नाही, त्याचा पोतच बदलतो आणि गाण्यातला जोर निघून जातो. खरी अडचण वेळेची आहे, असे मी म्हणेन. एका संध्याकाळी तीन बँड असले की पूर्ण साउंडचेक (कार्यक्रमाआधी आवाज बसवून पाहणे) बहुधा एकाच बँडला मिळतो आणि उरलेल्यांना प्रत्येक वायरीतून आवाज येतो की नाही, एवढा लाइन चेक करून गायला उभे राहावे लागते. तो एकमेव साउंडचेकही रिकाम्या खोलीत झालेला असतो. माणसांची शरीरे आणि कपडे वरच्या पट्टीचे ध्वनी शोषतात, त्यामुळे गर्दी झाल्यावर गाण्याच्या कडा बोथट होतात आणि पहिली दोन-तीन गाणी सगळे नव्याने बसवण्यातच जातात.

जुना_श्रोता_मुंबई:
जागेविषयी थोडे लिहितो. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव आम्ही धोबी तलावच्या रंगभवनात ऐकत असू. ते खुले नाट्यगृह होते, आवाजाला परतून यायला भिंतीच नव्हत्या. पुढे शांतता क्षेत्राच्या (रुग्णालये, शाळा यांच्या आसपासच्या भागाच्या) नियमांमुळे तिथले कार्यक्रम थांबले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही (सणासुदीची सवलत मोजक्या दिवसांपुरती), त्यामुळे उशिरा रंगणारे हे संगीत बंद खोल्यांत जाणे ओघानेच आले. त्यांतल्या बहुतेक खोल्या मुळात खाण्यापिण्यासाठी बांधलेल्या: एका बाजूला काच, खाली फरशी, कोपऱ्यात मंच. लोअर परळच्या गिरणी आवारातले ब्लू फ्रॉग (२००७ ते २०१६) हा ठळक अपवाद, कारण तिथे मंच आणि ध्वनी यांचा विचार करूनच जागा घडवली होती. अशा जागेचे भाडे केवळ तिकिटांतून निघत नाही, हे दुखणे मात्र जुनेच आहे.

मध्यसप्तक:
सर्वांचे आभार. उभे कुठे राहायचे, हे कोणी सांगेल का?

फेडर:
मिक्सरच्या शेजारी किंवा त्याच्या किंचित पुढे, कारण इंजिनियर जे ऐकून निर्णय घेतो ते तिथले असते. मिक्सर कोपऱ्यात किंवा बारच्या मागे कोंबलेला असेल, तर दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, खोलीच्या मध्याच्या थोडे मागे उभे राहा. भिंतीला टेकू नका, तिथे बेस (खालच्या पट्टीचा आवाज) फुगतो. मंचाला खेटून उभे राहिल्यास स्पीकरचा आवाज तुमच्या बाजूने पुढे निघून जातो आणि वाट्याला अँप व झांजाच येतात. कानात घालायचे संगीतासाठीचे प्लग अवश्य न्या. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला हाती पंधरा मिनिटेच उरतात. फोमचे स्वस्त प्लग वरच्या पट्ट्या अधिक कापतात, म्हणजे शब्द आणखी कमी कळतील, तेव्हा सर्व पट्ट्या सारख्या प्रमाणात कमी करणारे घ्या.