२००२ची कोर्सा: लोअर आर्मचे बुश कुठून आणू?

वर्तकनगरचा कोर्सावाला
मंडळी, बाबांची २००२ची ओपेल कोर्सा अजून मीच चालवतोय. एमएच-०४, फिटनेस दोनदा झालाय, इंजिन ठणठणीत. पण गायमुखच्या घाटात खड्डा आला की पुढून डावीकडे 'टक्' होतं आणि ब्रेक दाबला की गाडी त्याच बाजूला ओढते. जॅकवर घेतली तर लोअर आर्मच्या (चाक सांगाड्याला धरणारा खालचा दांडा) मागच्या बुशचं, म्हणजे सांध्यातल्या धक्के झेलणाऱ्या कड्याचं, रबर फाटलेलं, आतली नळी मोकळी हलतेय. उजवाही त्याच वाटेवर आहे.

ओपेलने २००६ला इथून गाशा गुंडाळला, जनरल मोटर्सने २०१७अखेर विक्री बंद केली. तेव्हा 'कंपनीत विचारा' नको. कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन शनिवार घातले. एकाने भंगारातला आर्म दिला, त्यातले बुश माझ्यापेक्षा वाईट. दुसऱ्याने भलत्याच गाडीचा बुश हातात ठेवला. मोजला तर बाहेरून दोन मिमी बारीक. म्हणे पत्रा गुंडाळून ठोकू!

कुणी हा उद्योग केलाय का? आई म्हणते, गाडी विका. ते सोडून काहीही सुचवा.

नेरुळकर पीयूवाले
माझ्या जुन्या लॅन्सरला पीयूचे (पॉलियुरेथेन, रबरासारखं प्लास्टिक) बुश करून घेतले. तुर्भे एमआयडीसीत नमुना दिला, त्यांनी ओतून दिले. हँडलिंग एकदम कडक. पाम बीच रोडवर मजा येते.

ऐरोलीचा जुना फिटर
पाम बीचवर येईलच हो मजा. घोडबंदरला विचारा. पीयू रबरापेक्षा कडक, त्यामुळे प्रत्येक खड्डा स्टिअरिंगपर्यंत पोचतो, आणि सिलिकॉन ग्रीस सुकलं की कुरकुर सुरू. वाईट नाही, पण वडिलांच्या गाडीला मी नाही लावणार.

कोर्सावाले, तुमची गाडी म्हणजे जगातली कोर्सा बी. युरोपात १९९३पासून होती, इंग्लंडमध्ये व्हॉक्सहॉलच्या नावाने, आणि दक्षिण अमेरिकेत शेव्हरोले म्हणून तिची सेडान २०१६पर्यंत बनत होती. त्यामुळे तिकडे बाहेरच्या कंपन्या अजून आर्म बनवतात, बुश आणि बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळीचा सांधा) बसवलेला अख्खा आर्म. तिकडे कुणी नातेवाईक असेल तर बघा. मागवण्याआधी जुना काढून बुशचा बाहेरचा व्यास, लांबी, बोल्टचं भोक आणि दोन बुशमधलं अंतर व्हर्नियरने मोजा, फोटोही पाठवा. नुसत्या मॉडेलच्या नावावर पैसे टाकू नका.

नाहीच मिळाला तर भंगारातला आर्म घ्या, पण फक्त लोखंडासाठी. वाकलेला, गंजून पातळ झालेला नको. त्यातलं रबर आणि बॉल जॉइंट वापरायचे नाहीत. मूळ जॉइंट रिव्हेटने बसवलेला असतो. रिव्हेट ड्रिलने उडवून नवा नट-बोल्टने बसतो. 'गोडाऊनमधला नवाकोरा' म्हणून कुणी जुना बुश दिला तर नखाने दाबून बघा. रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होऊन तडकतं.

आता खरं महत्त्वाचं. बोल्ट हवेत आवळू द्यायचे नाहीत. या बुशमध्ये रबर नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली टेकताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश लवकरच फाटतो. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, बोनेट दाबून दोन-चारदा हलवा, मग गॅरेजच्या खड्ड्यात उतरून खालून आवळा. निम्मे लोक 'डुप्लिकेट माल निघाला' म्हणतात तो खरं तर असा मरतो. पीयूला हे लागू नाही, तो नळीवर फिरतो. तेवढा एक मार्क नेरुळकरांना.

नेरुळकर पीयूवाले
एक मार्क स्वीकारला 🙏

वर्तकनगरचा कोर्सावाला
फिटरकाका, मामेभाऊ लंडनहून गणपतीला आला तो दोन आर्म घेऊनच. मामीचं म्हणणं, त्या वजनात तिची चॉकलेटं आली असती. मापं तंतोतंत जुळली. गॅरेजवाला सवयीने लिफ्टवरच आवळायला लागला, त्याला थांबवलं तर म्हणाला, "साहेब, वीस वर्षं असंच करतोय." शेवटी खड्ड्यात उतरवलाच. अलाइनमेंटही केलं. ओढणं गेलं, 'टक्' गेला. आता मागून बारीक चूं-चूं ऐकू येतं, आधी बहुतेक पुढच्या आवाजात लपलं होतं.

ऐरोलीचा जुना फिटर
मागच्या शॉकअपची वरची माउंटिंग रबरं बघा आधी. आणि जुने आर्म भंगारात घालू नका. ते सरळ असतील तर पुढच्या वेळी त्यातच बुश ठोकू.